राजेंच्या गळ्यातला पट्टा

बेकरीच्या मागच्या खोलीत, पिठाच्या पोत्यांच्या वर एक खिळा आहे. त्या खिळ्याला कितीतरी दिवस लटकून राहिलेला जुना चामडी पट्टा म्हणजे मी. मित्रांनो, आज सकाळी बेकरीच्या मालकाने मला खाली उतरवलं, फडक्याने पुसलं आणि तेल लावलं. अडगळीत पडलेल्या कुठल्याही वस्तूला अशा वेळी आनंद झाला असता. मला मात्र धडकी भरली आहे. का, ते ऐका.

चामड्याच्या पिशव्या शिवणाऱ्या एका कारागिराने मला उरलेल्या तुकड्यातून कापलं, पितळी बक्कल लावलं आणि पाच भोकं पाडली. मला विकत घ्यायला मालकाची थोरली बहीण आली होती. घरात नि दुकानात सगळे तिला अक्का म्हणतात. गल्ल्यावर तीच बसते. "बांधल्यावर दोन बोटं सहज आत गेली पाहिजेत बरं का," कारागीर म्हणाला. अक्काने त्याची खूणगाठ बांधली.

तिने मला भुरीसाठी घेतलं होतं. भुरी म्हणजे बेकरीच्या मागच्या दाराशी राहणारी तपकिरी कुत्री. तिचा एक कान उभा, एक पडलेला. आई कुठल्या गल्लीतली, बाप कोण, काही पत्ता नाही. पिठाच्या खोलीत उंदीर झाले होते आणि ते धरायचं काम ती कोणी न सांगता करत होती. अक्काने मला तिच्या गळ्यात बांधलं. गळा उबदार होता. आत श्वास इतका मोकळा चालला होता की तो मला जाणवलाही नाही.

तो मान मला थोडाच वेळ मिळाला. मालक बाहेरून आला तो हातात टोपली घेऊनच.

"अक्का, ही ब्याद दुकानात नको. आता पुढे काचेचं दार बसवलंय आपण. गिऱ्हाईक काय म्हणेल?"

"गिऱ्हाईक पाव न्यायला येतं रे बाबू, कुत्र्याशी सोयरीक जमवायला नाही."

टोपलीत चपट्या नाकाचं, बटबटीत डोळ्यांचं पिल्लू होतं. सोबत त्याच्या वंशाचा कागद होता. मालकाने तो चौकटीत बसवून गल्ल्यामागे टांगला. "आपल्या पणजोबांचं नाव आपल्याला धड ठाऊक नाही," अक्का म्हणाली, "आणि कुत्र्याच्या पिढ्या भिंतीवर!" मालकाची मुलगी खदखदून हसली. तिनेच पिल्लाचं नाव ठेवलं, राजे. मग मला भुरीच्या गळ्यातून काढून राजेंच्या गळ्यात पहिल्या भोकावर बांधलं.

तेव्हाच मला तो आवाज पहिल्यांदा ऐकू आला. माझ्याखाली काहीतरी घासत होतं. हवा आत जाताना अडत होती आणि बाहेर येतानाही अडत होती.

राजे स्वभावाने फार गोड होते, हे सांगायलाच हवं. शेपूट इतकी आखूड की आनंद झाला की सगळं बूडच हलायचं. शाळेतून सुटलेली मुलं काचेवर नाक दाबून त्यांच्यासारखी दिसायचा प्रयत्न करायची. त्यांच्याबरोबर माझंही कौतुक व्हायचं. मुलगी सुट्टीच्या दिवशी माझं बक्कल घासून लख्ख करायची. ते दिवस आठवले की आजही मला भरून येतं.

पण या घराची एक खोड होती. भट्टीपुढे जन्म काढलेली माणसं ती. पीठ फुगलं की साधलं, बसलं की बिघडलं, हा त्यांचा कायदा. राजे फुगत होते, म्हणजे सगळं उत्तम चाललं होतं. बनचे तुकडे, मोडकी बिस्किटं, लोण्याचे कागद, सगळं त्यांच्या पोटात जायचं. मी दुसऱ्या भोकावर गेलो, मग तिसऱ्या, मग चौथ्या. राजे घोरू लागले की मालक गिऱ्हाइकांना गप्प करायचा. "ऐका, ऐका! आमच्या आजोबांसारखा घोरतो की नाही?" सगळे हसायचे. त्या हसण्यात तो आवाज बुडून जायचा, पण मला तो जसाच्या तसा जाणवत राहायचा.

पुढे राजे आडवे होऊन झोपेनात. बसल्या बसल्या हनुवटी पायरीवर टेकवून डोळे मिटायचे. मान जरा खाली घसरली की श्वास अडायचा आणि ते दचकून जागे व्हायचे. "पहारा देतोय," मालक अभिमानाने सांगायचा. एकदा जिना चढून आल्यावर त्यांची जीभ निळीजांभळी झाली. "राजे शाई प्यायले!" मुलगी टाळ्या पिटत म्हणाली. अक्का हसली नाही. ती त्यांना उचलून प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

"नाकपुड्या चिरेएवढ्या आहेत, घशातही जागा नाही," बाई म्हणाल्या. "ऑपरेशन करून वाट मोठी करता येईल. वजन उतरवा. आणि भट्टीच्या उष्णतेत याला अजिबात ठेवू नका."

अक्काने घरी येऊन शब्दन् शब्द सांगितला.

"अगं, ही जातच अशी," मालक म्हणाला. "सगळेच घोरतात. धडधाकट जनावराला कापायचं कशाला?"

"सगळेच गुदमरतात म्हणून गुदमरणं चांगलं झालं का रे?"

मालक भट्टीकडे वळला. पाव काढायची वेळ झाली होती.

मग ती उन्हाळ्यातली दुपार आली. मोठी मागणी होती, दोन्ही भट्ट्या पेटल्या होत्या. भुरी सारखी आत घुसते म्हणून मालकाने मागच्या दाराला कडी घातली. राजे गार फरशी शोधत मागच्या खोलीत आले, पण फरशीही तापली होती. ते पाय फाकवून, मान पुढे काढून उभेच राहिले. माझ्याखाली शिट्टी वाजू लागली, आणि ती शिट्टी बारीक बारीक होत गेली. भट्टीच्या घरघरीत ती कोणाला ऐकू जाणार? ऐकली फक्त भुरीने. दारापलीकडून ती भुंकू लागली, नखांनी दार ओरबाडू लागली.

"अक्का, हाकल गं त्या ब्यादेला!" मालक मागे वळूनही न बघता ओरडला.

अक्का गल्ल्यावरून उठून आली ती भुरीला हाकलायलाच. वाटेत तिला राजे दिसले. तिने माझ्याखाली बोटं घातली. दोन सोडा, एकही जाईना. तिने बक्कल ओढून मला सोडवलं, कडी काढून दार सताड उघडलं, ओली पोती राजेंच्या अंगावर घातली. भुरी आत आली आणि त्यांचं तोंड चाटू लागली. या वेळी तिला कोणी हाकललं नाही. मी अक्काच्या मुठीत होतो आणि तिची मूठ राजेंच्या गळ्यावर होती. एक श्वास बाहेर आला. पुढचा आत गेलाच नाही.

मालक पिठाच्या हातांनी तोंड झाकून बसून राहिला. भट्टीतले पाव करपले तरी उठला नाही. मित्रांनो, त्याची माया खोटी नव्हती, आणि मला भीती वाटते ती त्या मायेचीच.

त्यानंतर मी खिळ्यावर गेलो. भुरी अजून मागच्या दाराशी असते, उंदीर धरते. तिला माझी गरज कधी नव्हतीच. सगळं थांबलं असं मला वाटू लागलं होतं. मग परवा मालक फोनवर बोलताना ऐकला. "हो, अगदी तसाच पाहिजे. नाक आणखी चपटं मिळालं तर उत्तमच."

अक्काने हातातलं काम बाजूला ठेवलं. "बाबू, पुन्हा तेच?"

"तो उन्हाने गेला गं. नशीब एकेकाचं."

"आणि कडी काय नशिबाने घातली होती?"

तो भट्टीकडे वळला. पाव काढायची वेळ अजून झाली नव्हती.

मित्रांनो, तुम्ही कधी कुत्रा निवडायला जाल तेव्हा नुसत्या रूपावर भाळू नका आणि कागदावर विसंबू नका. त्याच्या गळ्यावर हात ठेवा, कान लावा. ज्याचा श्वास ऐकू येत नाही त्याला घरी न्या, मग त्याचा बाप कोणी का असेना.

टोपली आली आहे. झाकण अजून उघडलेलं नाही, पण आतून तो आवाज येतो आहे.

"ऐका, ऐका!" मालक कौतुकाने म्हणतो. "आत्तापासूनच घोरतोय!"

मुलगी या वेळी हसत नाही. अक्का मागच्या दाराशी उभी आहे. दाराची कडी तिने पकडीने उपटून काढली आहे. तेवढंच तिच्या हातात होतं.

मालकाने झाकण उघडलं आणि मला उचललं. पहिलं भोक. बक्कल लागलं.

पट्ट्याला नाही म्हणता येत नाही, मित्रांनो. तुम्हाला येतं.