डेंट दिसला पाहिजे

सोमवार ते शुक्रवार तो विमा कंपनीसाठी ठोकलेल्या गाड्यांची तपासणी करायचा. शनिवार-रविवारी तो फोटोग्राफर. म्हणजे, तो तसं सांगायचा. ऑफिसात त्याला 'कलाकार' म्हणत, आणि त्यात कौतुक शोधायला भिंग लागलं असतं. बायकोनं तर त्याच्यासमोर पोझ द्यायचं कधीच सोडलं होतं.

पण आता खरं काम चालून आलं होतं. एका हॉलवाल्यानं दर रविवारचे कार्यक्रम त्याला देऊ केले. अडचण एकच. कंपनीचा नियम, जोडधंद्याला साहेबांची लेखी परवानगी हवी. आणि साहेब अर्जावर ढिम्म बसून होते.

शेवटी त्यानं केबिनमध्ये जाऊन विचारलं.

"अरे हो, ते," साहेब म्हणाले. "या रविवारी माझ्या लेकीची एंगेजमेंट आहे. तू काढ फोटो. बघू तरी काय दिवे लावतोस. मग सही."

फुकट, हे वेगळं सांगायची साहेबांना गरज वाटली नाही.

"फुकट?" बायकोनं मात्र लगेच ओळखलं. इस्त्री आपटत म्हणाली, "त्या माणसानं तुला कधी धड सुट्टी दिलीय का? म्हणे सही देणार!"

"तू बघच."

"बघतेय ना. लग्न झाल्यापासून बघतेय."

रविवारी त्यानं एंगेजमेंटच्या हॉलमध्ये पाऊल टाकलं. एवढी माणसं, त्यात साहेब हाताची घडी घालून समोर. डोकं बंद पडलं. मग हातांनी, रोज ठोकलेल्या गाड्यांचे फोटो काढताना जे करायचे, तेच केलं. दिवा खाली, एका बाजूला, म्हणजे बारीकसा डेंटही सावली टाकतो. आधी चारही बाजू. मग जिथे शंका येईल तिथे क्लोजअप. नवरीचे समोरून, मागून, डावीकडून, उजवीकडून. नवरदेवाचे तसेच. नवरदेवाच्या आईलाही त्यानं गोल फिरवलं.

"मागून कशाला हो?" बाई म्हणाल्या.

"रेकॉर्डला," त्याच्या तोंडून निघून गेलं.

सोमवारी केबिनमध्ये साहेब आणि त्यांची लेक फोटो बघत बसले होते.

"ही माझी मुलगी आहे का कोर्टातला पुरावा?" साहेब कडाडले.

"बाबा, माझ्या हनुवटीवर खळगा आहे हे मला आज कळतंय," लेक म्हणाली.

पुढचा फोटो नवरदेवाचा. साहेबांचा हात माउसवर थांबला. झूम. आणखी झूम. कपाळावर केस सुरू होतात तिथे एक बारीक, सरळ कड. सावलीसकट.

"विग आहे का रे हा?"

त्यानं सवयीनं मान पुढे काढली. "हो सर. चिकटवलेला. डावीकडून सुटत चाललाय, म्हणजे बराच जुना..." आणि मग जीभ चावली.

"माझ्या घरी जेवून गेला हा! किती वेळा! आणि मला पत्ता नाही!"

"मला होता," लेक शांतपणे म्हणाली. "पहिल्याच भेटीत काढून दाखवला त्यानं. मी काय केसांशी लग्न करतेय? आणि तुम्ही," ती कलाकाराकडे वळली, "तो फोटो डिलीट करा. आत्ता. माझ्यासमोर."

त्यानं केला. ती दार आपटून गेली.

झालं, सही गेली खड्ड्यात, त्याला वाटलं. पण साहेब हसत होते. क्लेम नामंजूर करताना हसायचे तसं.

"इतकी वर्षं गाड्यांवर वाया घालवलीस रे स्वतःला!"

त्याचा ऊर भरून आला. शेवटी एकाला तरी कळलं.

"संशयित क्लेम्सच्या टीममध्ये घेतोय तुला. लोक काय काय लपवतात! तुझ्या कॅमेऱ्यापुढे कुणाची टाप आहे? अभिनंदन."

"थँक्यू सर. आणि... ती रविवारची परवानगी?"

"वेडा आहेस का? ती टीम शनिवार-रविवारीच फिरते. लोक तेव्हाच घरी सापडतात." साहेबांनी त्याचा अर्ज पुढे ओढला, उलटा केला, आणि कोऱ्या बाजूवर पहिल्या केसचा पत्ता लिहून त्याच्या हातात दिला. "कॅमेरा तुझाच आण हं. ऑफिसचा अगदी बोगस आहे."