चाळीस मिनिटांत माणूस

"शेठ, दहा वर्षं संसार करून बायकोला नवरा कळत नाही, तो माझ्या कागदावर चाळीस मिनिटांत कळतो," असं म्हणून सुकदेवनं स्वभाव-चाचणीचा सायक्लोस्टाइल केलेला गठ्ठा नेमीचंद शेठच्या टेबलावर आपटला.

नरडाण्याच्या एमआयडीसीत शेठची सरकीची तेल मिल होती; सरकी पिळून तेल काढणारं मशीन म्हणजे एक्सपेलर. साल एक्क्याण्णव. पुण्याला तीन महिन्यांचा कोर्स करून आलेला सुकदेव तिथं पर्सोनेल ऑफिसर होता, पण अजून कायम नव्हता. मुदत महिनाअखेर संपत होती. रावेरचे केळीवाले भाईदासनाना त्याला मुलगी द्यायला तयार होते, पण कायम झाल्याचं पत्र डोळ्यांनी बघितल्याशिवाय सुपारी फुटणार नव्हती.

शेठनं चष्मा कपाळावर चढवला. "एक्सपेलरवर सुपरवायझर पाहिजे. काढ तुझ्या कागदातून. चांगला निघाला तर तू कायम. नाही निघाला तर जाताना कागद पण घेऊन जा."

नऊ जणांना कँटीनमध्ये बसवलं. एकशेवीस प्रश्न, 'हो' किंवा 'नाही'वर खूण. सुकदेव चहा पिऊन येतो तोवर आठ कागद भरून तयार. त्यांतल्या मगनचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून रेशनकार्डापासून सगळ्यांचे अर्ज तोच भरायचा. हेही त्यानंच भरले होते.

नववा वना. वीस वर्षं एक्सपेलरशेजारी काढलेला माणूस. तो मगनला म्हणाला, "मन्हा ऱ्हाऊ दे. साहेब इचारतीन तं सांगसू."

सुकदेवनं वाचलं, "अनोळखी माणसांत तुम्ही बुजता का?"

"आठे मिलमा अनोळखी कोन शे? तुम्हीच एक."

"हो की नाही?"

"तुम्हले बुजीसन काय करसू, भाऊ?"

"कधी कधी विनाकारण रडावंसं वाटतं?"

"इनाकारन काब्र रडी मानूस? कारन तं बठ्ठासकडे शे." कारण सगळ्यांकडेच आहे, याला 'हो' धरावं की 'नाही' ते ठरेना, म्हणून सुकदेवनं पुढचा प्रश्न घेतला.

"काही बिघडलं की लगेच अस्वस्थ होता का?"

"व्हस ना. बिघडनं तं काय नाचवा?"

अर्ध्या तासात मिळालेलं हे पहिलं 'हो', आणि तेही नेमकं नको तिथं.

सुकदेवनं गुण मोजले. वना: अस्थिर, चंचल, सुपरवायझर व्हायला अयोग्य. बाकीचे: अत्यंत शांत, संयमी, कशानंही विचलित न होणारे. आठही.

"आठ माणसं, एक स्वभाव," शेठ म्हणाला. "आम्ही दोघंच सख्खे भाऊ, पण आमचा जुळत नाही."

चौकशी केल्यावर आठही कागद मगननंच भरल्याचं बाहेर आलं. सुकदेवच्या मदतीला पुण्याचा कोर्स आला. "म्हणजे शेठ, मगनचा स्वभाव आठ वेळा तपासून झाला. एवढी पक्की निवड मोठमोठ्या कंपन्यांत होत नाही."

आठ वेळा तपासलेला माल शेठला पसंत पडला. मगन सुपरवायझर झाला.

सोमवारी अकराला एक्सपेलरच्या पट्ट्यातून धूर निघाला. मगन समोरच खुर्चीवर होता. त्यानं धूर बघितला आणि मोत्यासारख्या अक्षरात रजिस्टरला नोंद केली: ११.०५, धूर. मग: ११.१०, जास्त धूर. तिसऱ्या नोंदीसाठी तो पेन झटकत होता, तेवढ्यात वना शिव्या देत, चांगलाच अस्वस्थ होऊन धावत आला आणि त्यानं मेन स्विच ओढला. पट्टा गेला, मशीन वाचलं.

शेठनं सुकदेवला बोलावलं.

"कागद चुकला नाही, शेठ," सुकदेव हळूच म्हणाला. "तुम्हीच सांगा, मगन विचलित झाला का?"

शेठनं रजिस्टरातल्या दोन्ही नोंदी वाचल्या. "नाही झाला. कागद तुझा खरा, म्हणून तुला कायम करतो. पण आता मगनच्या खुर्चीवर तूच बस. वना सांगेल तेव्हा स्विच ओढायचा. डोकं लावायचं नाही."

पत्र त्याच संध्याकाळी टाइप झालं, शेठनं सही केली आणि तो सुरतेला गेला. सुकदेवनं रावेरला तार ठोकली. बुधवारी नाना येणार म्हणून त्या सकाळी त्यानं पत्र शर्टाच्या वरच्या खिशात ठेवलं. दुपारी वनानं तेलाच्या टाकीची गळती दाखवली. ती बघायला सुकदेव टाकीच्या उघड्या तोंडावर वाकला आणि पत्र टाकीत पडलं.

नाना साडेतीनला आले आणि पत्र बघायला न मिळाल्यानं पाचच्या गाडीनं परत गेले. पत्रासाठी उपसायला घेतलेली टाकी सहाला रिकामी झाली.