लाल झाकणाचा डबा

"फक्त मान दाब, बर्नी. खांद्याला धक्का लावू नकोस." लीलंड, माझा नवरा, शेजारी बसून सांगायचा. आयुष्याच्या शेवटच्या वर्षी त्याला धड दिसत नव्हतं, म्हणून त्याची काडतुसं मी भरू लागले. गोळी सुटली की काडतुसाच्या पितळी पुंगळीची मान सैलावते. ती साच्यात घालून आवळली की नवी गोळी घट्ट बसते. मानेखालचा खांदा आणि पुंगळीचं अंग मात्र तसंच राहू द्यायचं, कारण ते लीलंडच्या बंदुकीत फुगून तिच्याच मापाचं झालेलं असतं. दुसऱ्या बंदुकीत ती पुंगळी अडकते, काडतूस आत ढकलणारा बोल्ट बंद होत नाही. म्हणून त्या काडतुसांना लाल झाकणाचा वेगळा डबा. आमच्या खोऱ्यात हे कुणाला सांगावं लागत नाही. माझ्या धाकट्या दिराला, ड्वेनला, तर नाहीच नाही.

आज मी चर्चहून आले तेव्हा ड्वेन चिखलाच्या बुटांनिशी माझ्या स्वयंपाकघरात बसला होता. टेबलावर तो डबा उघडा. नाताळसाठी ठेवलेलं सॉसेज तो चाकूने कापून खात होता आणि मधूनच तंबाखू माझ्या कॉफीच्या कपात थुंकत होता. शुक्रवारी मी मांसाला शिवत नाही. मी खिडकी उघडली.

"वहिनी, दादाची काडतुसं भंगार आहेत बघ!"

"लाल डब्यातली घेतलीस?"

"माझी संपली होती. बंदुका तर सारख्याच ना! पहिलं जोर लावून बसवलं, झाडलं. दुसरं अर्ध्यात अडकलं. बोल्ट ना पुढे, ना मागे. आणि समोर केवढा एल्क, शिंगं नुसती झाडाच्या फांद्यांसारखी!"

"लागली त्याला?"

"पोटात. आतडं लोंबत, लंगडत ओढ्यापलीकडच्या झाडीत गेला. काय सोंग दिसत होतं म्हणून सांगू!" तो हसला, आणि परत कपात थुंकला.

"मागे नाही गेलास?"

"अडकलेली बंदूक घेऊन? लांडगे बघतील त्याचं. का तू त्याच्यासाठीपण जपमाळ ओढणार आहेस?"

लीलंडने अंथरुणावरून माझ्याकडून एकच वचन घेतलं होतं. आपण घरी भरलेली गोळी कुणीही झाडो, तिने जखमी झालेलं जनावर तडफडत सोडायचं नाही. तेव्हा ड्वेन पायथ्याशी उभा राहून हुंदके देत होता.

"चल, जागा दाखव," मी म्हणाले.

"थंडी काय पडलीये बाहेर! आधी कॉफी तरी टाक गं."

तो कप मी चिमटीत धरून कचऱ्यात टाकला. कितीही घासला असता तरी मला त्यातून काही पिता आलं नसतं. तेवढ्यात त्याची तेलकट बोटं डब्याकडे वळली.

"हात लावू नकोस," मी नेहमीच्याच आवाजात म्हणाले. बोटं थांबली.

लीलंडची बंदूक आणि डब्यातली काडतुसं घेतली, शिकाऱ्यांचं नारिंगी जाकीट चढवलं. यंदाचा माझा शिकारीचा परवाना कोराच होता, त्यावर अजून एकही जनावर मारलं नव्हतं. दुपारची जपमाळ राहिली होती, ती वाटेत होईल. दार हलकेच लोटून घेतलं.

ओढ्याशी बंदूक भरली. काडतूस अलगद आत गेलं, बोल्ट बोटाने बसला. पलीकडे बर्फावर काळपट रक्त होतं, त्यात अर्धवट पचलेलं गवत. घाण येत होती. खिशातले मणी मुठीत धरले आणि मी त्या मागावर चालू लागले.