गावांची नावं

"पार लातूरला जाऊन आणल्यात ह्या गोळ्या, अन् तू हात बी लावून नाही राहिली," नागसेन म्हणाला.

महामायानं ताटाशेजारच्या दोन्ही बाटल्या बोटानं बाजूला सारल्या. "उद्या नांदेडला जायचंच हाय की. डॉक्टर मॅडमला इचारते, मंग घेते."

"इचारायचं काय त्याच्यात? व्हिटॅमिनच हायत. मोबाइलवर सगळं वाचलं मी. केमोनं मेंदूला गंज चढतो अन् ह्या गोळ्या तो गंज चढू देत न्हाईत."

"तुम्ही खांबावर चढायच्या आधी लाइन बंद हाय का ते इचारता का न्हाई?"

नवरा वीज मंडळात लाइनमन होता; हे त्याला पटलं. नागसेननं बाटल्या परत पिशवीत ठेवल्या. पण त्याच्या डोळ्यांतली धास्ती तिला दिसत होती, कारण तीच धास्ती तिच्याही मनात होती.

हदगावच्या बसस्थानकात महामायाला चेहऱ्यानं ओळखणारे थोडे, आवाजानं ओळखणारे मात्र सगळे. वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीत बसून ती गाड्या पुकारायची. कागदाकडे न बघता, श्वास न तोडता, गावामागून गाव. चालू गाडीतली माणसंसुद्धा तिचा आवाज ऐकून डोकं बाहेर काढत आणि आपण भलत्याच गाडीत बसलोय हे कळून खाली उड्या मारत. मग छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, केमो सुरू झाला. अशक्तपणा येईल, तोंडाला चव राहणार नाही, हे तिला सांगितलेलं होतं. ते तिनं सोसलं. पण मागच्या आठवड्यात नागसेनला मीठ मागताना तिला 'मीठ' हा शब्दच सापडेना. ती नुसती हात हलवत राहिली. त्या दुपारी पडल्या पडल्या तिनं मनातल्या मनात नांदेडची गाडी पुकारून पाहिली. हदगाव, वारंगाफाटा... आणि पुढं सगळं कोरं. ज्या रस्त्यावर तिचा जन्म गेला, तो रस्ताच कुणी उचलून नेला होता. ती उशीत तोंड घालून रडली. दुसऱ्याच दिवशी नागसेननं लातूर गाठलं होतं.

नांदेडच्या डॉक्टर सुकन्या मॅडमनी बाटल्या हातात घेऊन नीट वाचल्या. हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत.

"तुम्ही वाचलंत ते खोटं नाही," त्या नागसेनला म्हणाल्या. "उंदरांवर प्रयोग झालेत. अशा जीवनसत्त्वांनी त्यांच्या मेंदूचं नुकसान कमी झालेलं दिसलंय. पण माणसांत तसंच होतं, हे अजून पक्कं कळलेलं नाही. आणि एक भीती आहे. काही केमोची औषधं ज्या वाटेनं गाठीच्या उरल्यासुरल्या पेशी मारतात, तीच वाट मोठ्या मात्रेतल्या या गोळ्या अडवू शकतात. म्हणून केमो चालू असताना मी त्या देत नाही. फळं, भाज्या, डाळी हवं तेवढं खा. बी-बारा, थायरॉइड, रक्त मी तपासून घेते. काही कमी निघालं तर भरून काढू."

"अन् डोकं?" महामायानं विचारलं. "ते असंच ऱ्हायलं तर?"

"बहुतेक बायकांचं हळूहळू निवळतं. कुणाचं लवकर, कुणाचं उशिरा. थोडं मागं राहतंही एखादीचं. खोटा शब्द नाही देणार मी तुम्हाला."

नागसेननं बायकोकडे पाहिलं. "माया, तू म्हणशील तसं."

आवाज वाचवायचा तर महामायाला गोळी गिळावीशी वाटत होती. आणि गोळीनं गाठ वाचली तर? तिनं टेबलावरच्या बाटल्या मॅडमकडे सरकवल्या.

"आधी त्या गाठीचा निकाल लागू द्या," ती म्हणाली. "जीव ऱ्हायला तर गावं पुन्ना पाठ करीन. पोरगी असताना केलीच होती की."

तिनं केमो पुरा केला. तपासण्या चांगल्या आल्या. डोकं मात्र आपल्याच चालीनं चाललं. सकाळी ती नागसेनसोबत कयाधू नदीच्या बाजूनं फिरायला जाई आणि येताना गाड्या पुकारी. तो कधी घाईतला प्रवासी होई, कधी बहिरा म्हातारा. "ओ बाई, पुसदला कोनची गाडी?" आणि ती उमरखेडवर अडखळली की तो तिथंच रस्त्यात फतकल मारून बसे. "गाडी पंक्चर झाली. आठवस्तोवर हालत न्हाई." ती चिडायची, हसायची, आणि नाव निघायचं.

कामावर परतली तेव्हा तिनं स्वतःच पास देण्याची खिडकी मागून घेतली. माइक किशनरावांकडे होता. ते निवृत्तीला आलेले, मायाळू. एकदोनदा त्यांनी तिला माइक घेतेस का विचारलं, पण ती नकार द्यायची. "न्हाई साहेब. चारचौघांत अडकले तर?"

दत्तजयंतीला माहूरची गर्दी उसळली. फलाटावर पाय ठेवायला जागा नाही, गाड्या वेड्यावाकड्या लागलेल्या, आणि ओरडून ओरडून किशनरावांचा घसा पार बसला. त्यांनी पासच्या खिडकीशी येऊन नुसतेच हात जोडले. महामायानं पाहिलं. लोक एका गाडीतून उतरून दुसरीकडे धावत होते, कडेवरची लेकरं रडत होती. ती उठली.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे. वारंगाफाटा, अर्धापूर मार्गे नांदेडला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर उभी आहे."

गर्दीतल्या माना वर झाल्या. उमरखेड मार्गे पुसद गेली. माहूरची जादा गाडी गेली. मग तिनं किनवटची घेतली. "किनवटला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर... मार्गे..."

नाव नव्हतं. कोरा कागद. माइक चालू होता आणि सगळं स्थानक तिचा श्वास ऐकत होतं. कालपर्यंतची महामाया माइक बंद करून पळाली असती. तिनं डोळे मिटले, उघडले.

"थांबा जरा," ती माइकवरच म्हणाली. "दुखण्यातून उठलेय. गावाचं नाव आठवून राहिले."

मग चार नंबरवरून एक बाई ओरडली, "हिमायतनगर!" आणि मागून अर्धं स्थानक गरजलं, "हिमायतनगर!"

महामाया माइकवरच खळखळून हसली. "हाव! हिमायतनगर मार्गे किनवट. चला, बसून घ्या!"

टाळ्या वाजल्या, शिट्ट्या वाजल्या, कुणा ड्रायव्हरनं उगीच हॉर्न दिला. त्यानंतर ती थांबलीच नाही. गर्दी ओसरेपर्यंत एकेक गाडी तिनं नाव घेऊन वाटेला लावली.

दुपार कलताना गठुडं घेतलेली एक म्हातारी खिडकीशी आली.

"बाई, कुठं गेलती गं इतके दिस? मला पाटी वाचता येत न्हाई. तुझ्याच आवाजावर गाडीत बसत असते मी. दोन डाव भलतीकडंच जाऊन पडले."

"दवाखान्यात होते, मावशी."

"आता हायस न्हवं?"

"हाय."

म्हातारी समाधानानं मान हलवून आपल्या फलाटाकडे वळली. महामायानं डोक्याचा घामेजलेला रुमाल सोडून खुर्चीच्या पाठीवर टाकला. बोटभर वाढलेल्या केसांत पंख्याचं वारं शिरलं. फाटकातून तामशाची गाडी आत वळत होती. तिनं माइक जवळ ओढला.