रिकाम्या पाळण्याचं वजन

पावणं, टेका इथं जरा. पाय मोकळे करा, तोवर तुम्हाला हैबतीच्या चाकाचं सांगतो. मागनं म्हणू नका, म्हातारा थापा मारतोय.

हैबतीच्या लाकडी चाकाला चार पाळणे, आणि त्यातला जो रिकामा होता तोच सगळ्यात जड होता. जत्रेत भर दुपारी तो खाली येऊन जो थांबला, तो हलेना. आणि बरोब्बर समोरच्या, वरच्या पाळण्यात हैबतीची बायको सगुणा. उभा जन्म चाकाशेजारी भजी तळली बाईनं, चाकात कधी बसली नव्हती. आज बसली तर ही तऱ्हा.

"आवो, उतरवा की! तेल तापत ठेवलंय मी!"

"मग मी काय झोपा काढतोय इथं?"

हैबतीनं जोर लावला. गावच्या पैलवानांनी लावला. शिडी आणली, तर पाळणा शिडीच्या वर गेला. शिडीला शिडी बांधली, पाळणा आणखी वर. खालचा तेवढाच जमिनीत रुतला. हैबतीनं त्या रिकाम्या पाळण्यात हात घातला. हात आरपार गेला, काही लागलं नाही. पण फळी वाकलेली होती, माणूस बसल्यावर वाकते तशी.

मग डोंगरावरच्या मोठ्या दुर्बिणीतनं तारे बघणारी दोघं आली, मोघे सर आणि कुरणे बाई. त्यांनी पाळण्याचं वजन केलं आणि दोघांचे चेहरे खुलले.

"हे आमचंच आहे," मोघे सर म्हणले. "आकाशात ताऱ्यांची अशीच चाकं फिरतात. दिसणाऱ्या वजनात त्यांचं फिरणं बसत नाही. दिसतं त्याच्या पाचपट न दिसणारं बसलंय तिथं."

"पण कोण बसलंय?" हैबतीनं विचारलं.

"तेच शोधतोय."

"कुणीही बसलेलं नाही," कुरणे बाई म्हणल्या. "वजनाचा नियमच चुकलाय."

"बाई, ती फळी बघा की!" हैबती म्हणला.

"नियम चुकला की फळी वाकते."

सर म्हणले, "आम्ही खाणीत खोल एक भांडं ठेवलंय. त्या न दिसणाऱ्यातलं एखादं धडकलं, की आत ठिणगी पडेल."

"पडली?"

"अजून नाही. आमचे सरही वाट बघत होते."

हैबतीनं डोक्याचा टॉवेल काढून जमिनीवर आपटला. "त्याला नाव द्या, न्हाईतर नियम बदला, काय घालायचा तो गोंधळ घाला. पण माझी बायको खाली घ्या!"

"त्यावर अजून काम झालेलं नाही," बाई म्हणल्या. दोघं एकमेकांकडं पाठ करून बसली.

सगुणाचा आवाज आता उशिरा यायला लागला. हैबतीनं हाक मारायची, आणि ऊन कलल्यावर वरनं यायचं, "तेल... उतरवलं का?" तेल केव्हाच जळून गेलं होतं. तिचं हिरवं लुगडं खालनं तांबूस दिसायला लागलं, लांब लांब जाणाऱ्या ताऱ्यागत.

ते बघून हैबतीनं टॉवेल उचलून कमरेला बांधला. चाकवाल्याची एक रीत असते. पाळण्यातनं एक उतरवला, की त्याच जागी लगेच दुसरा बसवायचा, नाहीतर चाकाचा तोल जातो. हैबती रुतलेल्या पाळण्यापाशी गेला, वाकला.

"तुलाबी उतरायचंय, पण तुझ्या जागी कुणी बसंना, व्हय? आधी बोलायचंस की, शहाण्या. सरक."

आणि बसला.

चाक फिरलं. सगुणा खाली आली, लुगडं हिरवंगार. उडी मारून वळली, तोवर हैबतीचा पाळणा एक फेरा घेऊन परत खाली थांबला होता. रिकामा. फळी वाकलेली. मोघे सरांनी वजन केलं. "तेवढंच आहे," म्हणले.

त्यातनं जो उतरला, तो मी. आधी कोण होतो, कधी बसलो, विचारू नका, मला ठाऊक नाही. सगुणाबाईनं मला चहा पाजला आणि म्हणली, "आता बसा परत." बसलो. फळी आणखी वाकली नाही. माझ्यात तेवढं वजन उरलेलं नाही.

ती बघा, आत्ताही बशी घेऊन तिथंच वाकलीय. बशी फळीवर ठेवती. कुणी पीत नाही, आणि चहा कमी होत जातो. "साखर कमी पडली म्हणू नका," असं हैबतीला दटावतीय.

पावणं, तुम्ही अंगानं चांगले भरलेले दिसता. चपला इथंच काढा, आणि जरा त्या पाळण्यात बसता का?