पास झालेलं पिस्तूल

"आज्जी, परत अडकलं गं."

क्रांतीनं बूट न काढताच गोठ्याच्या उंबऱ्यावर बसकण मारली. माझी नात पोलिसात आहे. चांदमारीवरून, गोळीबाराच्या सरावावरून, आली होती. नव्या पिस्तुलातली उडालेल्या गोळीची रिकामी पुंगळी बाहेर पडायच्या ऐवजी मधेच अडकून बसते म्हणे.

"सायबाला दावलंस?"

"दावलं की! म्हंत्यात, ह्ये मॉडेल चिखलात बुडवून, वाळूत लोळवून, हजारो गोळ्या मारून तपासलंय. सरकारनं पास केलंय. तुझीच मूठ ढिली."

मूठ ढिली? शाळेत जायच्या आधीपासून म्हशीची धार काढणारी पोरगी! गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशी नेऊन समोर धार काढून दूध विकायचो, तर गिऱ्हाईक हिची धार बघत उभं राहायचं.

"तुझ्या आजोबाची म्हस ठावं हाय न्हवं? प्रदर्शनात पैला नंबर, शिंगाला रिबीन. म्हातारा भुलला, इकत घेताना धार काढून बघितलीच न्हाई. पैल्याच सांजंला अशी लाथ घातली, उडाला त्यो थेट जोतिबाच्या डोंगरावर. दर्शन घिऊन, नारळ फोडून चालत आला!"

"मागल्या खेपंला पन्हाळ्यावर पडलं होतं आजोबा."

"वारं फिरलं आसंल."

ती हसली. मग वाकून बुटाची नाडी सोडू लागली.

"पिस्तुलाची जात चांगली असंल गं. बाकीच्यांची बरोबर चालत्यात. माझंच एक असं."

"मग दुसरं माग."

"अर्ज दिलाय. तपासणीला जाईल तवा जाईल. तोवर ह्येच. उद्या कैदी घिऊन गडहिंग्लजच्या कोर्टात जायचंय. त्येची माणसं त्येला सोडवाया टपल्यात म्हंत्यात."

दोन वेळची धार स्वतः काढल्याशिवाय आमच्यात कुणी म्हैस दावणीला बांधत नाही. पण हे साहेबाला सांगायला मी कोण?

सकाळी ती पट्टा बांधत होती. मी हात पुढं केला. "दाब."

तिनं दाबला. माझी बोटं पांढरी पडली. तिनं पट्टा आवळला आणि निघाली.

ती गेल्यावर शेजारची चिमणाबाई डोकावली. "पोरगी त्या गुंडासंगं गेली व्हय गं? भ्या न्हाई वाटत?"

"कशाचं भ्या? पिस्तूल हाय की! चिखलात बुडीव, वाळूत लोळीव, वाजणार म्हंजे वाजणार. सरकारनं पास केलंय."

माझ्या प्रत्येक थापेला पदर तोंडाला लावून हसणारी चिमणाबाई. आज तिनं नुसती मान डोलावली. "मग काय काळजी न्हाई," म्हणाली आणि गेली.

मी बादली घेऊन म्हशीखाली बसले. तिला क्रांतीच्या हाताची सवय. सड ओढून ओढून माझे हात भरून आले, पण म्हशीनं पान्हा सोडला नाही. मान वळवून रस्त्याकडंच बघत राहिली.

मीही मग बादली तशीच ठेवून तिकडंच बघत बसले.