धुराड्याचं झाकण

"बाय, बुवांना बंद नका करू!"

धुराड्यातून आवाज आला आणि मी दचकलेच. छपरावर विली लोपीस काम करत होता. त्याला त्रास नको म्हणून मी कीर्तनाची सीडी थांबवायला निघाले होते.

फायरप्लेसमध्ये डोकं घालून मी विचारलं, "वर ऐकू येतंय?"

"टाळसुद्धा ऐकू येतात. आत्ता कुठे गोष्टीला सुरुवात झाली. राहू द्या."

दुबईत फायरप्लेस! कुठल्याशा परदेशी चित्रात बघून बांधलेले ते व्हिला. मंदी आली, अर्धी कॉलनी रिकामी झाली, भाडी कोसळली, आणि शहरातल्या करामा भागातल्या दोन खोल्यांतून आम्ही तिथे राहायला गेलो. तेव्हा कळलं की एसीची सगळी गार हवा त्या धुराड्यातून वर जाते आणि वरून वाळू नि साळुंक्यांची काटकुटं खाली येतात. मग कॉलनीच्या मेंटेनन्स कंपनीने धुराड्याच्या तोंडावर पोलादी झाकण बसवायला विलीला पाठवलं.

विली वसईचा. अकरा वर्षं पत्र्याचं, डक्टिंगचं काम. शारजाहून यायला रोज दोन तास. त्याने धुराड्याचं तोंड तीनदा मोजलं. साळुंकीचं घरटं निघालं, ते फेकलं नाही, कठड्याच्या सावलीला ठेवलं. झाकण बसवून त्याची तार आतून खाली सोडली आणि तिच्या टोकाची साखळी फायरप्लेसच्या भिंतीवरच्या आकड्यात अडकवली.

"ओढली की बंद. सोडली की स्प्रिंगने उघडतं," तो म्हणाला. "लोक उलटं समजतात, बाय. ओढायचं म्हणजे उघडायचं, असंच डोक्यात बसलेलं असतं." मग पत्र्याच्या तुकड्यावर खिळ्याने ठोकून त्याने मराठीत अक्षरं उमटवली: 'विस्तवाआधी साखळी सोडा.' साखळीशेजारी तारेने ती पट्टी बांधली. मी चहा दिला, तर कप धुऊन ठेवून गेला. बुवांची गोष्ट मात्र त्याची अर्धीच राहिली.

पुढच्या शुक्रवारी आमची वास्तुशांत होती. गुरुजी आठवडाभर बँकेत नोकरी करणारे, म्हणाले, "वहिनी, हॉलमध्ये होम केला तर अलार्म बोंबलेल. फायरप्लेसमध्येच कुंड ठेवू." आम्हाला केवढी युक्ती वाटली! सकाळी मी स्वतः साखळी सोडली, झाकण उघडल्याचा वर खट् असा आवाज ऐकला आणि नैवेद्याच्या मागे लागले.

अर्ध्या तासात घर धुराने भरलं. अलार्म, पाहुण्यांची पळापळ, गुरुजींचा खोकला. धावत गेले तर साखळी ताणून आकड्याला लावलेली. पट्टी नव्हती.

सिक्युरिटीवाला वही घेऊन आला. माझा नवरा सुरेश त्याला इंग्रजीत सांगत होता, की नवीन झाकण बसवलंय, त्यात फॉल्ट आहे, कंपनीच्या माणसाने नीट काम केलं नाही.

"मम्मा," आमची मैथिली हळूच म्हणाली, "बाबा पुल्ड इट. आय सॉ."

पट्टी मला शू-रॅकमध्ये सापडली.

"पाहुणे येणार, खिळ्याने कोरलेला पत्रा काय दिसतो?" सुरेश म्हणाला. "आणि व्हिलात होम करायला परवानगी आहे का? खरं लिहून दिलं तर आपल्यालाच बाहेर काढतील. त्याला फार तर वॉर्निंग देतील गं."

वॉर्निंग! चौथ्या दिवशी विलीचा फोन आला. "व्हिसा कॅन्सल करतायत, बाय. जाऊ दे. पण कागदावर लिहिलंय, कामात हयगय. अकरा वर्षांत एक तक्रार नाही माझी. तुम्ही बघितलंत ना, साखळी कशी होती?"

माझ्या घरात रोज पहाटे बुवांचा पूर्वरंग वाजतो. सत्य काय, परपीडा काय, सगळं पाठ. उत्तररंगातली गोष्ट आमच्याच दिवाणखान्यात उभी राहिली, तर आम्ही दुसऱ्याच्या मानेवर पाय ठेवून मोकळे!

त्या रात्री सुरेशसमोर ताटाऐवजी कोरा कागद ठेवला. "लिही. पट्टी मी काढली, साखळी मी ओढली."

"विभावरी, वेड लागलंय का तुला?"

"लागू दे. सही झाल्याशिवाय या घरात भात शिजणार नाही. आणि देवापुढे तू हात जोडलेलेही मला चालणार नाहीत."

दहा वाजता त्याने सही केली.

दुसऱ्या दिवशी ते पत्र आणि पट्टी घेऊन मी कंपनीत गेले. मॅनेजर खैरुद्दीन यांनी दोन्ही नीट पाहिलं. आवाज चढवला नाही, त्याचाच जास्त संताप आला.

"मॅडम, आपका लेटर सच है, मैं मानता हूँ. लेकिन इस हफ्ते निकालने के लिए तीन नाम देने थे. दो हो गए थे. तीसरा आपके घर से आ गया. खलास."

"तर मग कागदावरची हयगय खोडा! मंदी लिहा. तुमची लाज त्याच्या नावावर कशाला?"

"फाइल बंद हो गई, मॅडम."

मी टेबलावर हात आपटला. बाहेरची माणसं वळून बघू लागली. फाइल उघडली नाही ती नाहीच.

शुक्रवारी सकाळी विली दारात. दुसऱ्या दिवशीचं विमान होतं. म्हणाला, "शिडी आहे का? धुराने स्प्रिंग काळी पडली असेल. पुसून जातो."

मी सुरेशचं पत्र त्याच्या हातात दिलं. उभ्या उभ्या दोनदा वाचून त्याने घडी घातली आणि पासपोर्टात ठेवली. "वसईला बायकोला दाखवीन," एवढंच म्हणाला. मग माझ्याकडून जुनी पट्टी मागून घेतली आणि या वेळी चार रिव्हेट मारून भिंतीला पक्की बसवली.

थोड्या वेळाने वरून आवाज आला, "ओढा, बाय."

मी ओढली. फायरप्लेसमधला उजेडाचा चौकोन विझला.

"आता सोडा."

खट्. उजेड परत आला, चिमूटभर वाळू माझ्या मनगटावर पडली.

"झालं काम," तो म्हणाला.

"विलीभाऊ, थांबा जरा. त्या दिवशी गोष्ट अर्धीच राहिली होती तुमची."

मी सीडी लावली. वर हत्यारं खाली ठेवल्याचा आवाज आला. खिडकीतून बाहेर पाहिलं, तर भर उन्हात सुरेश दोन्ही हातांनी शिडी धरून उभा होता. मी त्याला सांगितलं नव्हतं. बुवांची गोष्ट पुरी व्हायला पाऊण तास लागला. तोवर तो तसाच उभा होता.